देशपांडे नगरातील पाच दिवस

प्रवासाचा लेख म्हटला की वाचकांना डोंगर, देवळे आणि धबधबे यांची अपेक्षा असते. आमचा हा प्रवास तसा नव्हे. २०२५ च्या डिसेंबरात आम्ही उभयता बेंगळूरहून हुबळीस गेलो, आठ दिवस राहिलो, आणि त्यांतले पाच दिवस एका गच्चीवर बसून गल्लीतल्या एका कुत्रीकडे पाहण्यात घालविले. परतल्यावर स्नेहीमंडळींनी विचारले, "काय काय पाहिलंत?" तेव्हा खरे उत्तर देण्याचा संकोच वाटला. परंतु आता वाटते, की आजवर पुष्कळ गावे हिंडलो खरे. पाहणे म्हणजे काय, ते मात्र या एका खेपेस कळले.

हुबळी आम्हा मराठी माणसांना परकी अशी कधी वाटलीच नाही. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदांत तिचे नाव 'हुब्बळ्ळी' झाले; पण आमच्या घरात ती हुबळीच राहिली. १९५६ पर्यंत हा सारा धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. आमची धाकटी बहीण लग्न होऊन येथे आली त्याला आता पस्तीस वर्षे झाली. तिच्या घरात मराठी आणि अंगणात कन्नड, असा संसार सुखाने चालला आहे. देशपांडे नगर हा तिचा भाग. मराठी रंगभूमी गाजविणाऱ्या सवाई गंधर्वांच्या नावाचे सभागृह याच भागात आहे, आणि त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांचे 'गंगालहरी' हे घरही येथलेच. गंगूबाई तरुणपणी रेल्वेने कुंदगोळला जाऊन गुरूंची तालीम घेत. एकच स्वरसमूह दिवसचे दिवस घोटायचा, घाई करावयाची नाही, अशी ती तालीम होती. आमच्या भाचीने ही गोष्ट पहिल्याच दिवशी आम्हांस ऐकविली. तिचा रोख मात्र आमच्या लक्षात तेव्हा आला नाही.

ही भाची प्राणिवर्तनतज्ज्ञ आहे. तिने धारवाडला प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि पुढे घरोघरच्या कुत्र्यामांजरांच्या वागणुकीचे प्रश्न सोडविण्याचा व्यवसाय पत्करला. शेजारी तिला कौतुकाने 'कुत्र्यांची मास्तरीण' म्हणतात. पण ती शिकविते कमी आणि विचारते जास्त. कोणाचा कुत्रा अंगावर येतो, कोणाचा रात्रभर भुंकतो, कोणाची मांजर ठरल्या जागी शी करीत नाही, असे लोक येतात. ती त्यांना आधी पशुवैद्याकडे पाठविते, कारण स्वभाव बिघडला असे आपण म्हणतो त्यामागे पुष्कळदा एखादे दुखणे असते. मग दिनक्रम विचारते: तो केव्हा जेवतो, कोठे निजतो, घरात नवे कोण आले, त्या वेळी कोण कोठे उभे होते. दीड-दोन तास असेच जातात. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अगं, ही तर मुलीच्या स्थळाची चौकशी झाली!" त्यावर ती हसून म्हणाली, "मामी, तिथेसुद्धा एवढी करत नाहीत."

आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत वातावरण तापलेले होते. गल्लीत 'करी' नावाची एक बेवारशी कुत्री होती. कन्नडात करी म्हणजे काळी. तीन दिवसांपूर्वी तिने शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटरीचा चावा घेतला होता. मुलाच्या आईने प्रसंगावधान राखून जखम वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि लगोलग इस्पितळ गाठले. हे आम्ही मुद्दाम लिहितो. कुत्रा चावल्यावर हळद, चुना किंवा मिरची भरणारी माणसे आजही भेटतात. जखम धुणे आणि वेळेवर सगळी इंजेक्शने घेणे, याला दुसरा पर्याय नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या माउलीचा राग म्हणूनच आम्हांला अनाठायी वाटला नाही. मुलगा रात्री दचकून उठत होता.

रविवारी सकाळी ओट्यावर बैठक बसली. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "पोत्यात घालून लांब सोडून यावी." दुसऱ्याने सुचविले की रीतसर तक्रार करावी, आक्रमक कुत्री म्हणून. हा शब्द साधा नव्हे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करून, लस टोचून, त्याला मूळ जागीच परत सोडावयाचे असते. २०२५ च्या २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही हाच मार्ग सांगितला. मात्र रेबीज झालेली आणि आक्रमक वागणारी कुत्री यांतून वगळली, त्यांना परत सोडावयाचे नाही असे म्हटले. म्हणजे 'आक्रमक' या एका शब्दावर त्या जनावराचे सारे आयुष्य टांगलेले! आणि उलट बाजूने, शब्द लावण्यात चूक झाली तर उद्या दुसऱ्या मुलाची पोटरी. भाची उठून म्हणाली, "मला पाच दिवस द्या. तोवर मुलांना मोठ्यांनी हात धरून न्यावं. पाच दिवसांनी मीच सांगेन, काय करायचं ते." मुलाच्या आईने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. ती मान हलली नसती तर हा लेख लिहिलाच गेला नसता.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि दुपारी साडेचार ते साडेसहा अशी गच्चीवर बैठक सुरू झाली. आम्हांस सकाळी फिरावयास जाण्याची सवय. त्याऐवजी चहाचा पेला घेऊन आम्हीही तिच्याशेजारी बसलो. तिने आम्हांस एक वही दिली. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही मोठ्या उत्साहाने लिहिले: 'दूधवाला आला. करी चिडली. मग शांत झाली. पेपरवाल्यावर तिचा राग दिसतो.' भाचीने वही पाहिली आणि पेन्सिलीने तीन शब्द खोडले: चिडली, शांत, राग.

"मामा, हे तुम्ही पाहिलेलं नाही. हे तुम्ही ठरवलेलं आहे. पाहिलंत काय, ते लिहा."

आम्ही थोडे खजील झालो. तिच्या वहीत त्याच प्रसंगाची नोंद अशी होती: '६.५०. सायकल, डाव्या अंगाने, कौलांपासून चार पावले. करी उठली. तोंड मिटले. मान ताठ, अंग थिजले. डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसला. गुरगुर. सायकल गेली. बसली, जांभई दिली, ओठ चाटले.' तिने समजाविले, की कुत्र्याची जांभई दरवेळी झोपेची नसते, ती अस्वस्थपणाचीही खूण असते. शेपूट हलली म्हणजे स्वारी खूषच असते असे नाही. आणि गुरगुरणे ही तर सभ्य सूचना होय. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारले, तर तो गुरगुरणे सोडतो, पण चावणे सोडीलच असे नाही; पुढच्या खेपेस सूचना न देता चावतो.

आमच्या भगिनीचा मात्र यावर विश्वास बसेना. "अगं, आपला पूर्वीचा कुत्रा चूक केली की कसा ओशाळून कोपऱ्यात बसायचा! त्याला सगळं कळायचं." तेव्हा भाचीने न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९ सालचा प्रयोग सांगितला. कुत्र्याला खाऊ खाण्याची मनाई करून मालकाने खोलीबाहेर जावयाचे. मग कधी कुत्र्याने खाऊ खाल्लेला असे, कधी नसे. आणि मालकाला खरे किंवा खोटे काहीही सांगितले जाई. निष्पन्न असे झाले, की ओशाळलेला चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नव्हता, मालकाच्या रागावण्यावर होता. निरपराध कुत्राही बोलणी खाल्ली की तसाच ओशाळे. भगिनी बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी त्याला किती वेळा उगाच बोलले असेन!"

या गप्पांतच सुगरणीची गोष्ट निघाली. डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्यांची वसाहत दिवसेंदिवस जवळून न्याहाळली. त्यांना दिसले ते असे: घरटे विणतो तो नर. तो अर्धेच विणून थांबतो. मादी येऊन पाहणी करते, तिच्या मनास आले तरच ती ते पत्करते, आणि मग नर ते पुरे करतो. एवढे झाल्यावर हा गृहस्थ लगेच दुसरे घरटे विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी! आपल्या भाषेने मात्र त्या पक्ष्याला नाव दिले सुगरण. नाव बाईचे आणि विणकाम बुवाचे. शेकडो वर्षे तो पक्षी आपल्या विहिरीवर लोंबत होता, आपण त्याचे कौतुकही केले. पण विणतो कोण, हे बसून पाहण्याची गरज आपणांस भासली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोकळा वेळ होता म्हणून भाची आम्हांस धारवाडला घेऊन गेली. या दोन जुळ्या गावांमध्ये सुमारे वीस किलोमीटरचे अंतर. १९६२ पासून दोहोंची महानगरपालिका एक. त्यांच्यामध्ये आता स्वतंत्र मार्गावरून 'चिगरी' बसगाड्या धावतात. चिगरी म्हणजे काळवीट. उणकलचे तळे मागे टाकून आम्ही कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात पोचलो. १९४९ साली मुंबईत स्थापन झालेले हे विद्यापीठ १९५० साली धारवाडला आले. मराठी वाचकांना धारवाड म्हटले की जी. ए. कुलकर्णी आठवतात, आम्हांलाही आठवले. पण भाचीने प्राणिशास्त्र विभागाकडे बोट दाखवून एक निराळीच कथा सांगितली, आणि ती होती बेडूकमाशांची.

पावसाळ्यात डबक्यात काळ्या ठिपक्यांसारखे वळवळणारे बेडूकमासे आपण सर्वांनी पाहिले आहेत. अंगावर फोडाफोडांची कातडी असलेला जो बेडूक आपल्या अंगणात येतो, त्याची पिल्ले नेहमी घोळक्याने राहतात. हा घोळका नुसता गर्दीचा, की नात्याचा? येथील प्रा. एस. के. सैदापूर आणि त्यांचे सहकारी एस. गिरीश यांनी हा प्रश्न प्रयोगाने सोडविला आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही पिल्ले त्यांनी भावंडांत वाढविली, काही जाळीपलीकडच्या परक्यांच्या शेजारात, आणि काही अंड्यापासूनच एकटी. मग लांबट काचेच्या टाकीच्या एका टोकास सख्खी भावंडे, दुसऱ्या टोकास परकी पिल्ले ठेवून, मध्ये एकेक पिल्लू सोडले. आधी दोन्ही टोके रिकामी ठेवूनही पाहिले, टाकीतच काही दोष नको म्हणून. तेव्हा पिल्ले कोठेही फिरत राहिली. टोके भरल्यावर मात्र बहुतेक पिल्ले अधिक काळ भावंडांच्या बाजूस रेंगाळली. नवल असे, की जन्मापासून एकट्या वाढलेल्या पिल्लांनीही कधी न पाहिलेली भावंडे ओळखली! सर्वांना खावयास एकच, उकडलेला पालक. म्हणजे खाण्याच्या वासावरून ओळख पटली असेही म्हणावयास जागा फारशी उरली नाही.

आम्ही विचारले, "पण याचा उपयोग काय?"

भाची म्हणाली, "मामा, उपयोग हा, की त्यांनी पिल्लांना प्रश्न विचारला आणि उत्तर स्वतः दिलं नाही. त्यांना देऊ दिलं."

परतताना आम्ही धारवाडी पेढे घेतले, पण डोक्यात ते वाक्यच घोळत राहिले. १९७३ साली लोरेन्झ, टिनबर्गन आणि फॉन फ्रिश या तिघांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही बदके, मासे, पक्षी आणि मधमाश्या यांच्याकडे आयुष्यभर अशाच रीतीने पाहिल्याबद्दल.

त्याच संध्याकाळी उलगडा झाला. करीची आचळे भरलेली आहेत, हे भाचीने पहिल्याच दिवशी टिपले होते. पण पिल्ले कोठे आहेत ते कोणासच ठाऊक नव्हते. डागडुजीसाठी बंद असलेल्या एका घराच्या कुंपणाशी जुनी मंगळुरी कौले रचून ठेविली होती. दिवे लागण्याच्या सुमारास करी इकडेतिकडे पाहून त्या राशीमागे शिरली, आणि बारीक कुंईकुंई ऐकू आली. पाच पिल्ले होती. डोळे नुकतेच उघडलेले. मग मुलाला जवळ बसवून, न रागावता विचारले, तेव्हा कळले की त्या दिवशी त्याचा चेंडू कौलांमागे गेला होता आणि तो आणावयास तो वाकला होता. करी त्या वेळी समोरून परत येत होती. तिच्यात आणि पिल्लांत हा मुलगा.

पाचव्या दिवशी वहीत दोनशे बारा नोंदी झाल्या. त्यांत कौलांच्या जवळून गेलेली माणसे तेवीस. त्यांपैकी सतरा वेळा करी उठली. बाकीच्या एकशे एकोणनव्वद नोंदींत ती उठली फक्त दोनदा, एकदा परक्या कुत्र्यावर आणि एकदा गॅसच्या सिलिंडरांचा खणखणाट झाला तेव्हा. ओट्यावर पुन्हा बैठक भरली. भाचीने करी निर्दोष आहे असे एका शब्दानेही म्हटले नाही. ती म्हणाली, "ती चावली हे खरं आहे, आणि त्या जागी कुणी वाकलं तर पुन्हा चावेल हेही खरं आहे. पण गल्लीत इतरत्र ती धोक्याची नाही. धोका जागेचा आहे आणि सहा आठवड्यांचा आहे." उपायही साधे होते. कौलांभोवती दोन पिंपे आणि दोर लावून वाट पलीकडच्या अंगाने काढावयाची. जेवण गल्लीच्या दुसऱ्या टोकास, ठराविक वेळी. मुलांनी चेंडू गेला तर मोठ्यांना हाक मारावयाची. पिल्ले अंगावरून सुटली की करीची नसबंदी आणि लस. निवृत्त गृहस्थ म्हणाले, "आणि लांब सोडून आलो असतो तर?" ती म्हणाली, "तर कौलांमागे पाच पिल्लं ओरडत मेली असती, आणि मोकळ्या जागेत दुसरी कुत्री आली असती. तिचा स्वभाव आपल्याला ठाऊक नसता." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपे त्यांच्याच घरून आली.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही भाचीस आमच्या मोत्याची हकीकत सांगितली. वीस वर्षांपूर्वी आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. सात वर्षे गुणाने राहिला, आणि एके दिवशी आमच्या मुलाने डोक्यावरून हात फिरविताच त्याने त्याचा हात धरला. पुन्हा तसेच घडले. आम्ही त्यास मारले, बिघडला म्हटले, आणि एका परिचितांच्या मळ्यावर सोडून आलो. महिन्याभराने तो तेथून नाहीसा झाला. भाचीने फक्त विचारले, "मामा, तेव्हा तो डोकं एका बाजूला कलतं धरायचा का? कान खाजवायचा?"

तो खाजवीत असे. कित्येक दिवस खाजवीत होता. ते आम्ही रोज पाहत होतो, आणि पाहिले नव्हते. भाची पुढे काही बोलली नाही, आम्हीही बोललो नाही. सौभाग्यवती उठून आत गेल्या.

फाल्गुनात भगिनीचा फोन आला. करीची नसबंदी होऊन ती कानाला खूण घेऊन गल्लीत परतली आहे, आणि त्यानंतर कोणाच्या अंगावर गेलेली नाही. पाच पिल्लांपैकी दोन वाहनांखाली गेली, एक आजाराने गेले, एक दिसेनासे झाले, एक उरले. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या पिल्लांचा माग ठेवून २०१६ साली जे प्रसिद्ध केले, त्यातही वयात येईपर्यंत जगणाऱ्या पिल्लांचे प्रमाण शेकडा १९ च आढळले होते. आणि मरणास मोठे कारण माणूसच होता. आकडा वाचला तेव्हा तो आकडा होता. आता तो कौलांमागची कुंईकुंई आहे.

त्या मुलाची सगळी इंजेक्शने पुरी झाली. त्याची आई अजून करी दिसली की मुलाचा हात घट्ट धरते. भगिनीने तिला विचारले, "अजून राग आहे का?" ती म्हणाली, "राग नाही, अक्का. भरवसा पण नाही. तिनं तिच्या पोरांसाठी केलं, मी माझ्या पोरासाठी करते." आम्हांस हे उत्तर फार आवडले. जनावरावर प्रेम केलेच पाहिजे, असा आग्रह आमचा नाही, भाचीचाही नाही. त्याला नाव ठेवण्यापूर्वी, चांगले वा वाईट, थोडे बसून पाहावे, एवढेच.

ती वही भाचीने आम्हांस भेट दिली. पहिल्या पानावर ते तीन खोडलेले शब्द अजून आहेत. पुढची पाने कोरी होती. आता रोज सकाळी आम्ही बेंगळूरच्या आमच्या गॅलरीत बसतो आणि समोरच्या गुलमोहरावरच्या कावळ्यांच्या नोंदी करतो. अद्याप काहीही निष्पन्न झालेले नाही. परंतु गेल्या महिन्याभरात एकदाही 'चिडला' असे लिहिलेले नाही.